तुमच्या नावावर एक उंदीर

अमेरिकेत मानसशास्त्राची पदवी घ्यायला गेलेल्या काही मराठी मुलामुलींच्या वेळापत्रकात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ‘लर्निंग’ हा विषय येतो आणि त्याच्याबरोबर प्राण्यांची प्रयोगशाळा येते. आपल्याकडे मानसशास्त्राचं प्रात्यक्षिक म्हणजे बहुधा माणसांवरच्या चाचण्या: स्मरण, अवधान, प्रतिक्रियेला लागणारा वेळ. तिथे मात्र काही ठिकाणी दोघांच्या जोडीला एक जिवंत उंदीर मिळतो. पिंजऱ्याच्या कार्डावर तुमची नावं लागतात आणि सेमिस्टर संपेपर्यंत त्याला दांडी दाबायला, दिवा लागला असेल तरच दाबायला, कधी वाट पाहायला शिकवायचं असतं. हा लेख त्या विद्यार्थ्यांसाठी आहे. घरच्यांना फोनवर हे सांगितल्यावर ‘उंदीर? शी!’ एवढंच ऐकावं लागलेल्यांसाठी तर नक्कीच आहे.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. उंदराची नीट काळजी घेणं आणि प्रयोग नीट करणं हे एकच काम आहे. घाबरलेला, तहानलेला किंवा रोज वेगळ्या माणसाने ओढून बाहेर काढलेला उंदीर धड शिकत नाही. शिकलाच, तर तो नक्की कशामुळे शिकला हे तुमच्या आलेखातून कळत नाही.

याचा चांगला दाखला विद्यार्थ्यांच्याच लॅबमधला आहे. रॉबर्ट रोझेंथल आणि कर्मिट फोड यांनी १९६३ साली तो प्रयोग प्रसिद्ध केला. नॉर्थ डकोटा विद्यापीठातले १२ विद्यार्थी, प्रत्येकाकडे पाच, म्हणजे एकूण ६० उंदीर. निम्म्या विद्यार्थ्यांना सांगण्यात आलं की तुमचे उंदीर भुलभुलैयात हुशार ठरलेल्या वंशातले आहेत. उरलेल्यांना सांगितलं की तुमचे मठ्ठ वंशातले आहेत. खरं तर सगळे उंदीर साधेच होते, कोणता कोणाकडे जावा यामागे हुशारीचा काही संबंध नव्हता. तरीही ‘हुशार’ म्हणून दिलेल्या उंदरांचे आकडे जास्त चांगले आले. नंतर विचारपूस केली तेव्हा दिसलं की हुशार उंदीर मिळालेल्या विद्यार्थ्यांनी आपले उंदीर जास्त वेळा हातात घेतले होते, जास्त हळुवारपणे घेतले होते आणि त्यांच्याबरोबर ते जास्त निवांत होते. ‘आमचा उंदीर मठ्ठ आहे’ हे वाक्य अशा लॅबमध्ये सर्रास ऐकू येतं. ते तुम्ही म्हणू नका, मनातसुद्धा. एकदा तसं ठरवलं की तुमचे हात त्याप्रमाणे वागू लागतात.

आता कागदपत्रांकडे वळू. हा भाग कंटाळवाणा वाटतो, म्हणून बरेच जण न वाचताच सही करतात. अमेरिकेत प्रयोगशाळेतल्या प्राण्यांसाठीचा कायदा १९६६ पासून आहे, पण २००२ च्या दुरुस्तीने संशोधनासाठी पैदास केलेले उंदीर त्याच्या व्याख्येतून स्पष्टपणे बाहेर ठेवले गेले. त्यावरून उंदरांना काही नियमच नाहीत असं कोणी सांगेल, तर ते खरं नाही. सार्वजनिक आरोग्य सेवेचा निधी घेणाऱ्या संस्थांना त्या सेवेचं धोरण पाळावं लागतं आणि त्यात पाठीचा कणा असलेले सगळेच प्राणी येतात. अशा संस्थांमध्ये प्राण्यांविषयीची एक समिती असते. तुमच्या प्राध्यापकांनी या वर्गात काय केलं जाईल, किती उंदीर लागतील, त्यांना किती आणि कसं खायला मिळेल, शेवटी त्यांचं काय होईल, हे सगळं लिहून त्या समितीकडून मंजूर करून घेतलेलं असतं. त्याला प्रोटोकॉल म्हणतात. विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ साधा आहे: त्यात नसलेलं काहीही करायचं नाही. दांडीऐवजी रिंगमधून उडी मारायला शिकवावं, पेलेटऐवजी, म्हणजे बक्षिसाच्या खाद्यगोळीऐवजी, चॉकलेट द्यावं, एखादा दिवस उपाशी ठेवून पाहावं, अशी कल्पना सुचली तर आधी विचारायचं. कल्पना चांगली असेल तर प्राध्यापक परवानगीची वाट दाखवतील.

कोणाला प्राण्यावर प्रयोग करणं मनाला पटत नसेल, घरचे संस्कार किंवा स्वतःचा विचार आड येत असेल, तर ते पहिल्या आठवड्यात सांगावं. उंदीर ताब्यात घेतल्यावर नव्हे. ‘स्निफी’ नावाचा संगणकावरचा उंदीर १९९० च्या दशकात टोरोंटो विद्यापीठातल्या मंडळींनी तयार केला तो अशाच वर्गांसाठी, आणि शेपिंगची, म्हणजे पायरीपायरीने वागणूक घडवण्याची, मूळ कल्पना त्यावर चांगली समजते. माझ्या मते तो खऱ्या उंदराची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही, कारण स्निफीला भूक लागत नाही, तो दचकत नाही आणि आजारी पडत नाही. पण मनाविरुद्ध उंदीर हाताळणाऱ्या विद्यार्थ्याकडून उंदराचं भलं होत नाही, हेही तितकंच खरं. दमा असेल किंवा प्राण्यांची ॲलर्जी असेल तर तेही तेव्हाच सांगा. उंदरांची ॲलर्जी मुख्यतः त्यांच्या लघवीतल्या प्रथिनांमुळे होते. ती वाळून भुशाबरोबर हवेत मिसळतात, त्यामुळे उंदराला हात न लावताही शिंका आणि छातीत घरघर सुरू होऊ शकते. हातमोजे आणि गाऊन असतात ते यासाठीही.

उंदीर बहुधा पांढरा स्प्रेग-डॉली किंवा विस्टार जातीचा असेल, नाहीतर डोक्या-खांद्यांवर काळी टोपी घातल्यासारखा दिसणारा लाँग-इव्हान्स. पांढऱ्या उंदराच्या डोळ्यांत रंगद्रव्य नसतं, त्याला अंधुक दिसतं आणि प्रखर उजेडाने त्याच्या डोळ्यांना इजा होते. तो जग ओळखतो वासाने आणि मिशांनी. म्हणून लॅबच्या दिवशी अत्तर, डिओ, उग्र वासाचं तेल टाळा. घरी मांजर असेल तर तिला मांडीवर घेतलेल्या कपड्यांत लॅबमध्ये येऊ नका. माणसाच्या वासाचाही परिणाम होतो. मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की पुरुष प्रयोगकर्ता नुसता जवळ असला, किंवा पुरुषाने घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला, तरी उंदरांवर ताण येतो. हा ताण काही वेळाने ओसरतो. त्यामुळे मुलांनी खोलीत आल्याआल्या पिंजऱ्यात हात घालू नये. आधी वजनकाटा लावावा, वही उघडावी, थोडं बसावं.

पहिल्या काही दिवसांचं काम फक्त ओळख करून घेण्याचं असतं, आणि तेच उरकून टाकण्याची घाई सगळ्यांत जास्त होते. पिंजऱ्याचं झाकण हळू काढा. हात वरून झडप घातल्यासारखा न आणता बाजूने, त्याला दिसेल आणि हुंगता येईल असा आणा. त्याला हुंगू द्या. मग तळहात छातीखाली सरकवून, अंगठा आणि बोटं पुढच्या पायांमागून अंगाभोवती सैलसर ठेवून उचला आणि दुसरा हात लगेच बुडाखाली धरा. मागचे पाय लोंबत राहिले की तो धडपडतो. छाती आवळली की त्याला श्वास घेता येत नाही, आणि मग तो चावला तर दोष त्याचा नाही. शेपटीला धरून कधीही उचलू नका. टोकाकडे धरलं तर शेपटीची कातडी सोलून निघू शकते. हातात आल्यावर त्याला कोपराच्या आत, अंगाशी धरा, तिथे अंधार असतो आणि ऊबही. सुरुवातीला तो थरथरेल, तुमच्या हातावर लेंड्या टाकेल, लघवी करेल. ही भीतीची खूण आहे. दोन्ही जोडीदारांनी रोज थोडा वेळ असं केलं की काही दिवसांतच तो बाहीत तोंड खुपसायला लागतो, आणि मग शिकवायला सुरुवात करता येते.

नाकाभोवती किंवा डोळ्यांच्या कडेला लालसर डाग दिसला तर बहुतेक जण रक्त समजून हादरतात. उंदराच्या डोळ्यामागच्या एका ग्रंथीतून पॉर्फिरिन नावाचं तांबूस द्रव्य पाझरतं. ते रक्त नसतं. पण ताण किंवा आजार असला की ते वाढतं, त्यामुळे हसून सोडून देऊ नका. नोंद करा आणि सांगा.

आता वजनाकडे येऊ, कारण प्रत्यक्षात सगळ्यांत जास्त जबाबदारी तिथेच पडते. पेलेटसाठी काम करायला उंदराला थोडी भूक हवी, म्हणून त्याचं खाणं बेताचं ठेवलं जातं. बऱ्याच लॅबमध्ये मर्यादा अशी असते: मनसोक्त खाऊन जे वजन राहतं त्याच्या ८५ टक्क्यांच्या खाली जायचं नाही. उंदराचं मोकळं वजन ३४० ग्रॅम असेल तर ही रेषा २८९ ग्रॅमवर येते. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. काट्यावर २८७ दिसलं तर सत्र सुरू करायचं की आधी खायला द्यायचं हे स्वतः ठरवू नका. प्राध्यापकांना किंवा लॅब साहाय्यकांना त्याच क्षणी सांगा. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या देखभालीची अमेरिकेतली प्रमाण मार्गदर्शिका म्हणते की खाणं कमी केलेल्या प्राण्याचं वजन किमान आठवड्यातून एकदा नोंदवावं. वर्गात ते प्रत्येक सत्राआधी करावं, कारण शिकणाऱ्या हातांकडून चुका जास्त होतात. शिवाय वयात येणारा उंदीर वाढत असतो. सेमिस्टरच्या सुरुवातीचं ३४० धरून शेवटपर्यंत ८५ टक्के मोजत राहिलात तर कागदावर सगळं ठीक दिसेल आणि उंदीर मात्र वाढायचा राहून जाईल. मोकळं वजन केव्हा बदलायचं हे प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असतं. ते विचारून घ्या.

काटा शून्यावर आणायचा, मग डबा ठेवायचा, डब्याचं वजन वजा करायचं, मग उंदीर. तो डब्यात वळवळतो, आकडा नाचतो. घाईत दिसलेला पहिला आकडा लिहू नका, तो स्थिरावेपर्यंत थांबा. मोठ्या उंदराला मोकळं सोडलं तर दिवसाला साधारण १५ ते २० ग्रॅम खाद्य लागतं. लॅबमध्ये मिळणारं रेशन त्याहून कमी असतं आणि प्रयोगाच्या पेटीत दांडी दाबून मिळवलेल्या पेलेटचाही त्यात हिशेब धरावा लागतो. एक पेलेट सामान्यतः ४५ मिलिग्रॅमचं असतं. म्हणजे ८० पेलेट मिळाली की ३.६ ग्रॅम पोटात गेलं. खाणं द्यायचं ते सत्रानंतर, तेही लॅबने ठरवून दिलेल्या वेळेला. पेटीतून काढल्याबरोबर रोज पिंजऱ्यात खाद्य पडत गेलं, तर पेटीत मेहनत करण्यापेक्षा बाहेर जाण्याची वाट पाहणंच तो शिकेल.

पाण्याला कात्री नसते, प्रोटोकॉलमध्ये मुद्दाम तसं लिहिलं नसेल तर. बाटली भरलेली दिसते म्हणून पाणी येत आहे असं समजू नका. नळीच्या टोकाला असलेली छोटी गोळी बोटाने दाबून पाहा, थेंब आला पाहिजे. नळीत हवा अडकली तर बाटली गच्च भरलेली असूनही उंदीर तहानलेला राहतो. तहानलेला उंदीर कोरडं खाद्यही खात नाही, आणि मग वजन का घसरलं याचं कोडं तुम्ही दोन दिवस भलतीकडेच सोडवत बसता.

खाण्याची सर्वांत वाईट चूक जोडीदारांमधल्या संवादाची असते. ‘तू दिलंस ना?’ ‘मला वाटलं तू देशील.’ किंवा उलट, दोघांनीही दिलं आणि दुसऱ्या दिवशी उंदीर पेटीच्या कोपऱ्यात झोपला. उपाय एकच: ज्याने दिलं त्याने तिथल्या तिथे पिंजऱ्याच्या कार्डावर ग्रॅम, वेळ आणि सही टाकायची. व्हॉट्सॲपवरचा अंगठा ही नोंद होत नाही. शनिवार-रविवारचा प्रश्न सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात मिटवा. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग येतं, वसतिगृहं रिकामी होतात, मित्रांच्या गाड्या शिकागोला किंवा न्यू जर्सीला मावशीकडे निघतात. तोपर्यंत कोण कोणत्या दिवशी येणार हे ठरलेलं नसेल तर त्या चार दिवसांत खरोखरच कोणी येत नाही. तुमची सुटी ही उंदराची सुटी नसते. जाणं भाग असेल तर आधी लेखी विचारा आणि ज्याला काम सोपवलं त्याला पिंजरा, बाटली, रेशन समक्ष दाखवा.

सत्र रोज शक्यतो एकाच वेळेला घ्या. उंदीर निशाचर आहे, त्याच्या खोलीतले दिवे ठरलेल्या वेळी लागतात आणि विझतात. नोव्हेंबरात आणि मार्चमध्ये अमेरिकेतली घड्याळं तासाने सरकतात तेव्हा तुमचा दुपारचा तास त्याच्यासाठी बदललेला असतो. त्या आठवड्यात आकडे थोडे बिघडले तर आधी खोलीतल्या दिव्यांची वेळ तपासा.

शिकवण्याची पहिली पायरी म्हणजे मॅगझिन ट्रेनिंग. यंत्राचा ‘टक’ आवाज झाला की भांड्यात पेलेट आहे एवढंच त्याने शिकायचं. पेटीच्या दुसऱ्या टोकाला असतानाही आवाजाबरोबर तो वळून धावला की हे झालं. त्यानंतर शेपिंग. पेलेट सोडणारं बटण तुमच्या हातात आणि डोळे उंदरावर. तो दांडीच्या भिंतीकडे वळला: बटण. पुढे दोन पावलं टाकली: बटण. आता नुसतं वळणं पुरेसं नाही, दांडीजवळ नाक आलं पाहिजे. मग मागच्या पायांवर उभं राहणं, मग पुढचा पंजा दांडीवर. बक्षीस त्या हालचालीच्या क्षणीच मिळालं पाहिजे. एक-दोन सेकंद उशीर झाला तर तोपर्यंत तो खाली वाकून भुसा हुंगत असतो आणि बक्षीस त्या हुंगण्याला मिळतं. ज्या जोडीचा उंदीर सतत गोल फिरतो किंवा कोपऱ्यात मान घालतो, त्या जोडीने अनेकदा तेच शिकवलेलं असतं. म्हणून बटण दाबणाऱ्याने फोन बाजूला ठेवावा आणि दुसऱ्याने नोंद करावी. मागे गप्पा नकोत, काचेवर टकटक नको. दहा मिनिटं काहीच झालं नाही तर अपेक्षा एक पायरी खाली आणा. वरची पायरी धरून बसलात तर तो प्रयत्न सोडून अंग चाटायला लागतो.

पहिल्यांदा पंजाच्या वजनाने दांडी खाली जाते, टक वाजतं आणि तो खाऊन परत त्याच जागी येऊन उभा राहतो, तेव्हा खोलीत बोलावंसं फार वाटतं. थांबा. लगेच तो पुन्हा दाबतो, मग तिसऱ्यांदा. आनंद बाहेर कॉरिडॉरमध्ये करा.

सेमिस्टरच्या शेवटी शेवटी विलोपनाचा प्रयोग येतो: दांडी दाबूनही काहीच मिळत नाही. सुरुवातीला उंदीर पूर्वीपेक्षा जास्त जोरात आणि जास्त वेळा दाबतो, दांडी चावतो. ते पाहवत नाही, आणि दया येऊन एखादं पेलेट सोडण्याचा मोह होतो. ते करू नका. मधूनच मिळालेल्या एका पेलेटने दाबणं अधिक चिवट होतं, त्याची धडपड लांबते आणि तुमचा आलेख कशाचाच राहत नाही. सत्र ठरलेल्या वेळेला संपवा आणि त्याचं रेशन त्याला पूर्ण द्या.

यंत्र बिघडलं, पेलेट अडकलं, वीज गेली, तर वेळेसकट लिहा. बी. एफ. स्किनर यांना विलोपनाचा पहिला आलेख मिळाला तो ते खोलीत नसताना पेलेटचं यंत्र अडकल्यामुळे, असं त्यांनी स्वतः नमूद केलं आहे. तो दिवस त्यांनी फेकून दिला असता तर आलेखही गेला असता. तुमच्या वहीत खाडाखोड चालेल, पान फाडणं चालणार नाही. उंदराने त्या दिवशी नऊ वेळाच दांडी दाबली तर नऊ लिहा. अहवाल चांगला दिसावा म्हणून ९० केलेत तर पुढच्या माणसाला वजन, भूक किंवा आजार यांचा माग लागत नाही, आणि शैक्षणिक गैरवर्तनाची कारवाई होते ती वेगळीच. उंदीर शिकला नाही म्हणून गुण जाणार नाहीत याची खात्री हवी असेल तर प्राध्यापकांना थेट विचारा. समजूतदार प्राध्यापक गुण नोंदींना देतात.

उंदीर चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने काही मिनिटं धुवा, लगेच सांगा, आरोग्य केंद्रात जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं केव्हा घेतलं ते सांगा. भारतातले लसीकरणाचे कागद यासाठी हाताशी ठेवा. पुढच्या काही दिवसांत ताप, सांधेदुखी किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना उंदीर चावल्याचं आवर्जून सांगा, कारण उंदराच्या तोंडातल्या जंतूंमुळे होणारा असा एक ताप असतो आणि तो औषधाने बरा होतो. चावलेलं लपवण्यात काही अर्थ नाही. उंदीर मरगळला, केस उभे राहिले, श्वासाचा खरखर आवाज आला, दात वाकडे वाढलेले दिसले, हगवण लागली, तर घरगुती उपाय नकोत. पशुवैद्यकाचा नंबर खोलीत लावलेला असतो. उंदराला उलटी करता येत नाही, त्यामुळे ‘बघू, काय होतंय’ म्हणून दिलेला बाहेरचा घास किंवा औषध त्याला बाहेर टाकता येत नाही.

शेवटी त्याचं काय होणार, हा प्रश्न सेमिस्टरच्या सुरुवातीलाच विचारावा. उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. कुठे उंदीर पुढच्या वर्गाला किंवा दुसऱ्या संशोधनाला दिले जातात, कुठे त्यांना वेदना न होता मारलं जातं, कुठे विद्यार्थ्यांना दत्तक घेण्याची परवानगी असते. मारण्याचं उत्तर ऐकायला जड आहे, पण सेमिस्टरभर त्याच्याबरोबर राहणाऱ्याला ते आधी माहीत असण्याचा हक्क आहे. दत्तकाची सोय असेल आणि तुमचं मन असेल तर घरमालकाचा करार आधी वाचा. बऱ्याच करारांत प्राणी ठेवायला मनाई असते. उंदीर कळपात राहणारा आहे, एकट्याने झुरतो. त्यामुळे शक्य असेल तर एकाच लिंगाचे दोन घ्या. त्याचं आयुष्य दोन ते तीन वर्षांचं असतं, आणि उन्हाळ्यात तुम्ही पुण्याला किंवा पणजीला याल तेव्हा त्याला कोण पाहणार हे ठरलेलं हवं. कॅम्पसमागच्या झाडीत सोडून देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेला उंदीर तिथे जगत नाही. घेणं जमणार नसेल तर तसं महिनाभर आधी सांगा, म्हणजे वर्गातल्या दुसऱ्या कोणाला त्याच्यासाठी नाव देता येईल.